अलेक्झांडर नेमका कोणाचा, आणि उत्तर मॅसेडोनियातील लोक खरे मॅसेडोनियन आहेत का?

कंपनीच्या कामानिमित्त आपल्याला उत्तर मॅसेडोनियाची राजधानी स्कोप्ये आणि ग्रीसमधील, मॅसेडोनिया याच नावाच्या प्रांतातले, थेस्सलोनिकी या दोन्ही शहरांत जायचे आहे. तेव्हा अलेक्झांडर कोणाचा मानावा, उत्तर मॅसेडोनियातील लोक खरे मॅसेडोनियन आहेत की नाहीत, आणि त्यांच्याशी बोलताना देशाचे नाव कसे घ्यावे, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते, म्हणून ते आधी देते. दुसरा प्रश्न मात्र मला झोंबला, कारण अगदी याच शब्दांत तो आमच्या घरात विचारला गेला आहे आणि त्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, इ.स.पू. ३५६ मध्ये पेल्ला येथे जन्मला. पेल्ला आणि त्याआधीची राजधानी ऐगाई, म्हणजे हल्लीचे व्हर्जिना, ही दोन्ही ठिकाणे आजच्या ग्रीसमध्ये, थेस्सलोनिकीपासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर आहेत. व्हर्जिना येथे १९७७ साली मानोलिस आंद्रोनिकोस यांनी राजघराण्याचे थडगे उघडले, तेव्हा आत अस्थी ठेवलेली सोन्याची पेटी मिळाली आणि तिच्या झाकणावर सोळा किरणांचा सूर्य होता. पेल्ला येथे १९८६ साली शिशाच्या पत्र्यावर लिहिलेला एक मजकूर सापडला. एका बाईने आपल्या माणसाने दुसरीशी लग्न करू नये म्हणून केलेली ती करणी आहे, आणि तिची भाषा ग्रीकच्या वायव्येकडील बोलीच्या वळणाची आहे. राजे आणि दरबारी ग्रीक लिहीत, हे आधीपासून माहीत होते. पण असला खाजगी मजकूरही ग्रीक बोलीत असावा, याला माझ्या मते मोठे वजन आहे. स्लाव लोक बाल्कनमध्ये उतरले ते इ.स.च्या सहाव्या आणि सातव्या शतकांत, म्हणजे अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी. युगोस्लाव्हियातून स्वतंत्र झालेल्या मॅसेडोनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष किरो ग्लिगोरोव्ह यांनीच १९९२ च्या सुमारास स्पष्ट सांगितले होते की, आम्ही सहाव्या शतकात आलेले स्लाव आहोत आणि प्राचीन मॅसेडोनियनांचे वंशज नाही. त्यांचे पुढच्यांनी ऐकले असते तर बरे झाले असते. विमानतळाला अलेक्झांडरचे नाव देणे, ‘स्कोप्ये २०१४’ या प्रकल्पात भर चौकात प्रचंड अश्वारूढ पुतळा उभारणे आणि शाळकरी मुलांच्या डोक्यात फिलिप-अलेक्झांडरची वंशावळ भरवणे, हे माझ्या मते त्या सरकारने आपल्याच जनतेचे केलेले नुकसान होते. अलेक्झांडर ग्रीकांच्या वारशातला आहे, हे ग्रीकांचे म्हणणे इथवर बरोबर आहे आणि त्यात मला कसलीही तडजोड करायची नाही.

चूक होते ती याच्या पुढच्या पायरीवर. अलेक्झांडर उत्तर मॅसेडोनियातील लोकांचा नाही, म्हणून त्यांना स्वतःचे असे काहीच नाही, हा निष्कर्ष खोटा आहे. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, पुण्यात इतिहास शिकवून निवृत्त झाले आहेत आणि ते नेमका हाच निष्कर्ष काढतात. आमच्याकडे मेलबर्नला आले असताना जेवणानंतर त्यांनी निकाल दिला होता की, हे युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो याने १९४४ साली कागदावर तयार केलेले कृत्रिम राष्ट्र आहे, भाषा बल्गेरियन, नाव ग्रीक, बाकी शून्य. मी तेव्हा जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहिते.

मेलबर्नमध्ये ग्रीक वस्ती मोठी आहे आणि मॅसेडोनियन लोकांचीही कमी नाही. मी तिथे वृद्धांच्या निवासी शुश्रूषाकेंद्रात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले. आमच्याकडे एक आजी दाखल झाल्या. जन्म १९४० चा, जन्मदेश ग्रीस. म्हणून नोंदणीच्या अर्जात भाषेच्या रकान्यात ‘ग्रीक’ असे भरले गेले आणि त्यांच्यासाठी ग्रीक दुभाषा बोलावण्यात आला. हातात कागद घेतलेला तो सज्जन माणूस ग्रीक बोलू लागताच आजींच्या तोंडाला जे कुलूप लागले ते तो गेल्यावरही उघडले नाही. त्यांना लघवीच्या जागी जळजळ होत होती, ताप चढत होता, आणि नोंदवहीत मात्र ‘तक्रार नाही’ असे लिहिले जात होते. शेवटी उत्तर मॅसेडोनियातील बिटोलाहून आलेली आमची सफाई करणारी बाई खोलीत फरशी पुसताना सहज मॅसेडोनियनमध्ये दोन शब्द बोलली आणि आजींनी तिचा हात धरून सगळे सांगितले. मी त्या वेळी तिथेच होते. पाच मिनिटांत जे कळले ते अर्जात लिहिलेल्या भाषेतून कधीच कळले नसते.

नंतर त्या बाईच्या मदतीने, आणि थोडेफार आजींच्या मोडक्या इंग्रजीतून, त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी समजली. गाव फ्लोरिनाजवळचे, त्या फ्लोरिनाला लेरिन म्हणत, आणि गावाचे जे नाव त्या सांगत ते आजच्या नकाशावर नाही, कारण १९१३ नंतर, विशेषतः १९२० च्या दशकात, ग्रीसने त्या मुलखातील गावांची स्लाव नावे सरसकट बदलली. १९३६ साली आलेल्या मेताक्सासच्या हुकूमशाहीने स्लाव बोली बोलण्यावर बंदी घातली. बाजारात आपल्या बोलीत भाव केला म्हणून त्यांच्या आईला दंड भरावा लागला होता. ही त्यांच्या जन्माआधीची गोष्ट, पण आईने ती मुलीला इतक्यांदा सांगितली होती की, ग्रीक बोलणारा आणि हातात कागद असणारा माणूस दिसला की गप्प बसायचे, हे त्या मुलीच्या अंगात मुरले. पुढे ग्रीसच्या यादवी युद्धात, १९४८ साली, त्या भागातील हजारो मुलांना सीमेपलीकडे युगोस्लाव्हियात नेण्यात आले. एकेका बाईच्या हवाली मुलांची एक एक टोळी असे आणि तिला मुले आईच म्हणत. आजी आठ वर्षांच्या होत्या. रात्री चालायचे, दिवसा झाडीत दडून राहायचे आणि विमानाचा आवाज आला की जमिनीला पोट लावून पडायचे, हे सांगताना त्या पलंगावरच्या चादरीला तळहाताने दाबून दाखवत. आधी रुमानियातील बालगृह, नंतर स्कोप्ये, लग्न, आणि मग ऑस्ट्रेलिया. ग्रीसने १९८२ साली यादवीतील निर्वासितांना परतण्याची मुभा दिली, पण ती ‘वंशाने ग्रीक’ असलेल्यांनाच. आजी एकदा आईवडिलांची थडगी पाहायला निघाल्या, तेव्हा पारपत्रात जन्मगाव जुन्या नावाने लिहिले आहे एवढ्या कारणावरून त्यांना सीमेवरून परत पाठवण्यात आले.

मी तो रकाना बदलून घेतला. सहज झाले नाही. जन्मदेश ग्रीस म्हणजे भाषा ग्रीक, असे मला वरून पुन्हा पुन्हा ऐकवण्यात आले आणि या प्रश्नात आपण पडू नये असा सल्लाही मिळाला. तिथल्या लोकांना हा प्रश्न नवा नव्हता. १९९४ साली आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारनेच आपल्या खात्यांना या भाषेचा उल्लेख ‘मॅसेडोनियन (स्लाव्हॉनिक)’ असा करायला लावले होते, आणि पुढे तो आदेश वांशिक भेदभावाच्या कायद्याखाली बेकायदा ठरला होता. मला मात्र कायदा नको होता, दुभाषा हवा होता. तो मिळाला.

त्याच केंद्रात, त्याच मजल्यावर, एक ग्रीक आजोबा होते. त्यांचे गाव ग्रीसमधील किल्किसजवळचे आणि वडील काळ्या समुद्राकाठच्या त्राबझोनहून आलेले. १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत तुर्कस्तानातून जे लाखो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आणले गेले, त्यांतील मोठा भाग ग्रीक मॅसेडोनियात वसवला गेला. आजोबांच्या वडिलांना सरकारकडून मिळालेले घर तुर्कस्तानात धाडलेल्या एका मुसलमान कुटुंबाचे होते. ज्या माणसाचा एक मुलूख कायमचा गेला आहे, त्याला दुसऱ्या मुलखाचे नाव जपावेसे वाटणारच. मी मॅसेडोनियन आहे आणि म्हणूनच ग्रीक आहे, असे ते म्हणत, आणि त्यांच्या खोलीत तो सोळा किरणांचा सूर्य चौकटीत लावलेला होता.

जानेवारी २०१९ मध्ये ग्रीक संसदेने प्रेस्पा करार, म्हणजे मॅसेडोनियाने ‘उत्तर मॅसेडोनिया’ हे नाव घेऊन ग्रीसशी नावाचा वाद मिटवण्याचा करार, १५३ विरुद्ध १४६ मतांनी मंजूर केला. त्याच आठवड्यात आमच्या शहरात ऑस्ट्रेलियन ओपन चालू होती आणि ग्रीसच्या त्सित्सिपासने फेडररला हरवल्यामुळे आजोबा अत्यंत आनंदात होते. मतदानाची बातमी आली आणि त्यांनी दूरदर्शन संच बंद करायला सांगितला. जेवणाचे ताट तसेच परत गेले. आमचे नाव विकले, एवढेच ते बोलले. बैठकीच्या दुसऱ्या टोकाला आजींनीही जेवायला नकार दिला, कारण त्यांच्या देशाच्या नावाला ‘उत्तर’ जोडले गेले होते आणि त्यांचे स्वतःचे गाव तर दक्षिणेला होते. एकाच बातमीने दोन माणसे दुखावली आणि दोघांनाही वाटले की, दुसऱ्याला सारे मिळाले. मी त्या संध्याकाळी दोघांकडे आळीपाळीने बसले होते. या दोघांपैकी कोणीही खोटे नव्हते, असे मी आजही शपथेवर सांगेन.

आता दादांच्या ‘कागदावरच्या राष्ट्रा’कडे वळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन मॅसेडोनियातील स्लाव शेतकऱ्याला तू कोण असे विचारले, तर तो बहुधा ‘ख्रिस्ती’ म्हणे. १८७० मध्ये बल्गेरियन एक्झार्केट हे स्वतंत्र धर्मपीठ निघाल्यावर मात्र गावोगाव झुंज लागली: चर्च ग्रीक धर्मपीठाचे की बल्गेरियन, शाळेत मास्तर कोणाचा, आणि सर्बियाने पाठवलेला मास्तर चालेल का. १८७८ च्या मार्चमध्ये सान स्टेफानोच्या तहाने मॅसेडोनियाचा बहुतेक भाग बल्गेरियाला दिला आणि जुलैमध्ये बर्लिनच्या तहाने तो काढून घेतला. सोफियाच्या, म्हणजे बल्गेरियाच्या, मनातली ती जखम आजही भरलेली नाही. १८९३ साली थेस्सलोनिकीत गुप्त क्रांतिकारी संघटना स्थापन झाली. २ ऑगस्ट १९०३ रोजी ऑटोमन सत्तेविरुद्ध इलिंडेनचा उठाव झाला, क्रुशेव्हो या डोंगरी गावात प्रजासत्ताक पुकारले गेले, ते दहाएक दिवस टिकले आणि चिरडले गेले. मग बाल्कन युद्धे, आणि १९१३ च्या बुखारेस्ट तहाने मुलखाचे तुकडे: सुमारे निम्मा ग्रीसला, वार्दार खोरे सर्बियाला, पिरिनचा लहान भाग बल्गेरियाला. सर्बियाने आपल्या वाट्याला ‘दक्षिण सर्बिया’ म्हटले आणि तिथल्या लोकांना सर्ब व्हायला सांगितले. दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियन सैन्य आले तेव्हा अनेकांनी आधी त्याचे स्वागत केले. पण त्याच राजवटीने मार्च १९४३ मध्ये तिथल्या सात हजारांवर ज्यूंना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे रवाना केले आणि स्थानिकांनाही परक्यासारखे वागवले. हे सगळे भोगलेल्या पिढीने, आम्ही सर्ब नाही, बल्गेरियन नाही आणि ग्रीकही नाही, असे ठरवले, तर त्यात कृत्रिम काय आहे? २ ऑगस्ट १९४४ रोजी, इलिंडेनच्याच दिवशी, प्रोहोर प्चिन्यस्की मठात मॅसेडोनियन प्रजासत्ताकाची घोषणा झाली. टिटोचा त्यात स्वार्थ होता हे मान्य. पण केवळ एका माणसाच्या स्वार्थातून झालेली गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर आणि त्याचा देश फुटल्यानंतरही तीस-पस्तीस वर्षे टिकत नाही.

दादांचा भाषेचा मुद्दा तर अगदीच लटका आहे. मॅसेडोनियन लिपी आणि शुद्धलेखन १९४५ साली ठरले आणि ब्लाझे कोनेस्की यांनी व्याकरण लिहिले, हे खरे. परंतु मध्य मॅसेडोनियातील बोलींवर आधारलेली स्वतंत्र लेखनभाषा हवी, अशी मागणी क्रस्ते मिसिर्कोव्ह यांनी १९०३ साली सोफियात छापलेल्या पुस्तकात केली होती, तेव्हा टिटो अकरा वर्षांचा होता. बल्गेरियन प्रमाणभाषा पूर्वेकडील बोलींवर उभी आहे. दोन्ही भाषा एकमेकींना समजतात, म्हणून एक दुसरीची पोटभाषा ठरत नाही. आणि ज्या ग्रीसच्या वतीने दादा बोलतात, त्या ग्रीसमध्ये राज्यकारभार लोकभाषेत चालवायचे १९७६ साली ठरले. तोवर संस्कारित ग्रंथभाषाच राजभाषा होती. आधुनिक ग्रीक राज्य १८३० चे, इटली १८६१ चे, जर्मनी १८७१ चे. सगळीच राष्ट्रे कोणीतरी, कधीतरी, शाळा आणि सैन्य काढून घडवली आहेत. उशिरा आलेल्याला खोटे म्हणायचे आणि पन्नास-शंभर वर्षे आधी आलेल्याला सनातन, हा इतिहास नव्हे.

बल्गेरियाबद्दल आपण काही विचारलेले नाही, पण आज खरे अडलेले प्रकरण तेच आहे, म्हणून लिहिते. जानेवारी १९९२ मध्ये मॅसेडोनियाला सर्वांत आधी मान्यता दिली ती बल्गेरियाने. मात्र मान्यता देशाला होती, राष्ट्राला आणि भाषेला नव्हती. २०१७ च्या मैत्री करारातून दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग नेमला गेला आणि तो क्रांतिकारक गोत्से देल्चेव्हपाशी अडकला. देल्चेव्हचा जन्म १८७२ चा, आजच्या किल्किसमध्ये. सोफियाच्या लष्करी विद्यालयात शिकला, एक्झार्केटच्या शाळांत शिक्षक होता, बल्गेरियन लिहीत असे, आणि मॅसेडोनियाच्या स्वायत्ततेसाठी लढताना मे १९०३ मध्ये मारला गेला. त्याच्या अस्थी सोफियात होत्या, त्या १९४६ साली स्कोप्येला आणून स्वेती स्पास चर्चच्या अंगणात ठेवल्या. मॅसेडोनियाच्या राष्ट्रगीतात त्याचे नाव आहे आणि बल्गेरियात त्याच्या नावाचे शहर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने युरोपीय संघातील प्रवेशाची बोलणी रोखली. २०२२ च्या फ्रेंच प्रस्तावाने वाट निघाली, पण मॅसेडोनियाच्या राज्यघटनेत बल्गेरियनांचा उल्लेख करण्याची अट आली आणि २०२४ साली निवडून आलेल्या सरकारने ती नाकारली. देल्चेव्ह स्वतःला बल्गेरियन समजत असे, हे स्कोप्येने मान्य करावे, असे माझे मत आहे. पण त्याबद्दल आजच्या अठरा लाख लोकसंख्येच्या देशाला पन्नास वेळा परीक्षेला बसवणे हा शेजाऱ्याचा दांडगटपणा आहे.

आता आपल्या कामाचे. थेस्सलोनिकीत शेजारच्या देशाचा उल्लेख ‘उत्तर मॅसेडोनिया’ असाच करावा. नुसते ‘मॅसेडोनिया’ म्हटलेत तर ऐकणाऱ्याला आपला प्रांत आठवेल, आणि त्या शहराच्या विमानतळाचेही तेच नाव आहे. स्कोप्येत कागदोपत्री ‘उत्तर मॅसेडोनिया’ लिहावे, बोलताना समोरचा जे म्हणतो त्यावर टीका करू नये. मे २०२४ मध्ये शपथ घेताना नव्या राष्ट्राध्यक्षांनी ‘उत्तर’ वगळले आणि ग्रीसच्या राजदूत उठून गेल्या, इतके हे हळवे आहे. लोक आणि भाषा यांना मात्र ‘मॅसेडोनियन’ म्हणावे, ‘उत्तर मॅसेडोनियन’ किंवा ‘स्लाव’ म्हणू नये. अलेक्झांडरचा विषय दोन्हीकडे स्वतःहून काढू नये. आपले सहकारी अल्बेनियन असण्याची बरीच शक्यता आहे, कारण देशाची सुमारे चौथाई वस्ती त्यांची आहे. २००१ मध्ये तिथे सशस्त्र संघर्ष झाला आणि ओह्रिड करारानंतर त्यांची भाषा व प्रतिनिधित्व यांचे प्रश्न मार्गी लागले. त्यांना या नावाच्या वादात ओढू नये. वेळ मिळाल्यास व्हर्जिनाचे भूमिगत संग्रहालय पाहावे, आणि ओह्रिडही, जिथे क्लेमेंट आणि नाउम या संतांनी स्लाव लोकांना आपल्या अक्षरात लिहायला शिकवले.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्या इथे जोडते. मी एका आजींच्या आठवणीवर बराच भर दिला आहे; त्याच यादवीत ग्रीक कुटुंबांनीही मुले गमावली आणि त्यांच्या दृष्टीने ती मुले पळवून नेलेली होती. मिसिर्कोव्ह यांनी पुढे काही लेखांत स्वतःला बल्गेरियन म्हटले आहे, हेही दादांच्या बाजूने नोंदवते. स्कोप्येच्या शाळेत शिकवलेला सगळा इतिहास स्वीकारावा, असे माझे म्हणणे नाही.

तरीही दादांना, आणि आपल्या प्रवासात ‘कृत्रिम’ हा शेरा मारणाऱ्या कोणालाही, प्रेस्पा कराराचे पहिले कलम वाचायला सांगावे. १७ जून २०१८ रोजी सरोवराकाठच्या प्सारादेस गावात ग्रीसच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ज्यावर सही केली, त्या कलमात त्या देशाच्या भाषेचे नाव ‘मॅसेडोनियन’ असे दिले आहे, ती दक्षिण स्लाव गटातील आहे आणि प्राचीन ग्रीक वारशाशी संबंधित नाही, हेही करारात नोंदवले आहे, आणि तिला आधार दिला आहे तो भौगोलिक नावांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९७७ सालच्या परिषदेचा. ती परिषद अथेन्समध्ये भरली होती.